चार पूर्णांक एक दशांश

आधी लॉगरचा प्रोग्राम बंद करायचा.
चालत्या गिरणीत हात घालू नये, गांगुर्डे अण्णा सांगायचे
आणि पुरावा म्हणून स्वतःचं अर्धं बोट दाखवायचे,
जे खरं तर उसाच्या चरकात गेलं होतं.
मग फाइलची प्रत. प्रतीच्या नावात तारीख.
मग आणखी एक प्रत, पेन ड्राइव्हवर,
कारण निफाडची वीज कुणाच्या ओळखीची नाही.

फाइल उघडायची साध्या नोटपॅडमध्ये.
एक्सेलमध्ये नाही. एक्सेल फार हुशार,
पुढचं शून्य गिळून ढेकरही देत नाही.
मागच्या साली त्यानं पाच डिसेंबरची थंडी
बारा मेला नेऊन ठेवली,
आणि पुण्याच्या साहेबांनी ती छापलीसुद्धा.

सतरा जानेवारी, अकरा वाजून दहा मिनिटं:
आमच्या केंद्रावर त्रेसष्ट मिलिमीटर पाऊस.
बाहेर ऊन होतं.
रामकिसन शिपायानं पर्जन्यमापकातल्या चिमणीच्या काड्या
बादलीभर पाणी ओतून धुतल्या, मनापासून,
आणि त्या बिचाऱ्यानं थेंबन् थेंब मोजला.

ही ओळ पुसायची नाही.
पुसली तर ती दहा मिनिटं जगात नव्हतीच असं होतं.
फक्त त्रेसष्टच्या जागी शून्य.
तेही मी ऊन डोळ्यांनी पाहिलं म्हणून;
पाहिलं नसतं तर शून्य लिहायचाही हक्क नाही,
तेव्हा ‘माहीत नाही’चा आकडा असतो, तो लिहायचा.
स्वल्पविराम जिथल्या तिथे.
एक सांडला तरी वारा आर्द्रतेच्या रकान्यात घुसतो
आणि पुढे वर्षभर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो.
शेवटी वहीत नोंद, निळ्या शाईनं: काय, का, कुणी.

वही उघडीच होती तेवढ्यात बाळनाथ आला.
मावसभाऊ. त्याची द्राक्षबाग आमच्या कुंपणाला लागून.
स्वेटरला धुराचा वास.
“ताई, विम्याची अट चारच्या खालची आहे.
परवा रात्री तुझी पेटी किती म्हणाली?”
चार पूर्णांक एक.
तो स्क्रीनकडे बघत राहिला. “पावसाचं तर आत्ता केलंस ना?
हे दोनच दशांश.”

कर्सर लुकलुकत होता.
मी त्याला चहा विचारला.
तो म्हणाला, घडाला हात लावला तर बोटं बधिर होत होती.
माझा त्याच्यावर विश्वास आहे.
पण पेटी खांबावर आहे, त्याच्या घडांजवळ नाही.
तिला जेवढी वाजते तेवढीच थंडी ती लिहिते.
चहा न घेता गेला.

मग मी परवाची रात्र पुन्हा वाचली.
चार वाजता पाच.
चार दहा, चार पूर्णांक सहा.
चार वीस, चार पूर्णांक एक.
चार तीस, चार पूर्णांक नऊ.
चार चाळीस, पाच पूर्णांक तीन.
सूर्य उगवायला अडीच तास, आणि पारा वर?
सेन्सर गेला, मी म्हटलं. बोट कळीवर गेलंसुद्धा.
तेव्हा स्वेटरचा वास आठवला.

छाटणीच्या काड्या पेटवल्या असणार त्यानं, सरीसरीनं,
आणि मंद वाऱ्यानं ती ऊब कुंपणावरून इकडे आणली.
घड वाचले.
शेकोट्या नसत्या तर पारा कदाचित तीनपर्यंत उतरला असता.
पण ‘कदाचित’ला या फाइलीत रकाना नाही.

एकही आकडा हलवला नाही.
वहीत लिहिलं: चार वीसनंतर शेजारच्या बागेत शेकोट्या.
सेव्ह केलं, फाइल बंद केली, ओळी मोजल्या,
जितक्या होत्या तितक्याच.

बाळनाथला हे सांगावं की नाही, अजून ठरत नाही.
प्रोग्राम सुरू केला. हिरवा दिवा लागला.
दुपारचे दोन वीस. सत्तावीस पूर्णांक आठ.
वारा नाही. पाऊस शून्य.